बावन्न नंबरची खुंटी

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
५ ऑगस्ट २०२५

ताई,

हे वाचतेयस म्हणजे पाकीट फोडलंस. अर्धं काम झालं. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, फॅमिली ग्रुपमधून भावोजींनी काढलं, पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. तुझ्या नि माझ्या घरात फक्त खाडी आहे. भाईंदरच्या जेट्टीवर उभा राहिलो तर समोर वसई दिसते. तरी पाच रुपयांचं तिकीट चिकटवून लिहितोय, त्यावरून काय ते समज.

शनिवारी राखी पौर्णिमा. तुझ्या राखीशिवाय ही तिसरी. पहिल्या वर्षी स्वातीने बाजारातून एक आणून माझ्या टेबलावर ठेवली. मी म्हटलं, बायकोने आणलेली राखी बांधून घेणारा नवरा मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत मी एकटाच असेन. नाही बांधली.

मुद्द्यावर येतो. भावोजींच्या साठीला मी जे बोललो ते तुला अपमान वाटलं. मला ते निदान वाटलं होतं. हॉलच्या भिंतीवर तात्यांचा, म्हणजे तुझ्या सासऱ्यांचा, रायफलचा पट्टा फ्रेम करून लावला होता आणि खाली पितळी पाटी: ‘१९४९ च्या स्पर्धेत कै. काशीनाथ यांनी याच पट्ट्याने सुवर्णपदक जिंकले.’ आता जगात मला दोन गोष्टी कळतात. एक, भाईंदर पूर्वेला आमच्या कारखान्यात स्टीलच्या डब्याचं झाकण किती दशांश मिलिमीटर ढिलं आहे. आणि दोन, जुन्या लष्करी रायफलींचे पट्टे. पहिलीचा पगार मिळतो. दुसरी मी कुठल्या कॉलेजात न जाता, परदेशी कॅटलॉग मागवून, डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकलो. असा माणूस ती पाटी वाचून गुलाबजाम खात बसेल, अशी अपेक्षा तुम्ही ठेवायला नको होती.

भावोजींनीच म्हटलं, ‘‘बघ रे लवू, तू एक्सपर्ट.’’ मी फ्रेम उतरवली, खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने मागची पट्टी काढली, आणि साठ-सत्तर माणसांसमोर तीन गोष्टी सांगितल्या. पहिली: चामड्याच्या आतल्या बाजूला ५२ असा ठसा आहे, लष्करी पट्ट्यावर दोन आकडी ठसा हे सालच असतं, म्हणजे पट्टा १९५२ चा, तेव्हा १९४९ ला तो कुणाच्या दंडाला असणं शक्य नाही. दुसरी: त्याला मासळीचा वास येतो, सरकारी तेलाला तसा येत नाही, म्हणजे पट्टा बंदरातून कुठूनतरी आलेला. तिसरी: शेवटची भोकं कुणा अडाण्याने खिळ्याने पाडलेली आहेत, वाकडी, एक वर एक खाली, नेमबाज माणूस स्वतःच्या पट्ट्याची अशी वाट लावणार नाही.

लोक हसले. भावोजी पाणी आणायला आत गेले, ते काही बाहेर आले नाहीत. मला वाटलं, मोठा ग्लास शोधत असतील.

तर आज लिहायचं कारण. ठाण्याकडच्या एका जुन्या रायफल क्लबची पुढच्या वर्षी शंभरी आहे. तिथल्या दोन ट्रंका भरून पट्टे, तेलाच्या कुप्या, नळी साफ करायच्या दोऱ्या, नेमाच्या चकत्या असं सामान पडलंय. ते ओळखून प्रत्येकाचं कार्ड लिहायला त्यांनी मला बोलावलंय. मला, ताई. तात्या याच क्लबचे ना? तुला आवडेल म्हणून कळवलं.

मी अजूनही म्हणतो की मी बरोबर होतो. पण बरोबर असून तीन श्रावण कोरडे गेले.

लवू

---

२४ ऑगस्ट

ताई,

उत्तर आलं नाही. हरकत नाही, काम चालू आहे.

एक ट्रंक घरी आणली. लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी परेशभाई भेटले. झाकणावर रायफलचं चित्र. त्यांनी हळूच विचारलं, ‘‘पाटकरजी, अंदर माल भी है क्या?’’ मी सांगितलं की फक्त पट्टे आहेत आणि पट्ट्याला लायसन्स लागत नाही. त्यांचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी वॉचमन मला सलाम ठोकायला लागला.

तुला एक सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. शिपाई पट्टा खांद्याला लावतो, नेमबाज दंडाला. पालथा पडून नेम धरताना पट्ट्याचा फास डाव्या दंडावर घट्ट बसवायचा, म्हणजे हात थरथरत नाही. तो किती घट्ट, हे भोकांवर ठरतं. पितळी हुकाला दोन दात असतात, म्हणून भोकं नेहमी जोडीने. ज्या जोडीत हूक वर्षानुवर्षं अडकवला जातो ती जोडी लांबट होते. म्हणून पट्टा हातात घेतला की मला वापरणाऱ्याच्या दंडाचं माप सांगता येतं. डोळे मिटून. स्वाती म्हणते, डोळे मिटून चहाचा कप सिंकमध्ये ठेवता येतो का ते आधी बघा.

पहिल्या दिवशी तीन पट्टे लावले: ठसा ३८, ठसा ४४, ठसा ४७. तीन कार्डं लिहिली, १९३८, १९४४, १९४७. बोरूसारखं टोक असलेल्या पेनाने, खाडाखोड नाही. माझ्या कार्डावर खाडाखोड नसते, तुला माहितीये. एक अक्षर चुकलं की कार्ड फाडतो.

दुसऱ्या दिवशी ७१ निघाला. आणि त्याच्या खाली १२.

आता बघ. हे पाचही पट्टे एकाच हाताचे आहेत. इंचाला आठ टाके, आणि दर टाक्याचं भोक डाव्या बाजूला किंचित फाटलेलं, कारण शिवणाऱ्याच्या आरीचं टोक मोडलेलं होतं. म्हणजे माझ्या हिशेबाने हा कारागीर १९१२ साली कामाला बसला आणि १९७१ साली उठला, आणि एकोणसाठ वर्षांत त्याला आरीला धार लावायला वेळ मिळाला नाही.

मी स्वातीला म्हटलं, बाप-लेक असतील, आरी वारशाने आली असेल.

ती म्हणाली, ‘‘हो. आणि आजीने टाके मोजले असतील.’’

भिंगातून परत बघतोय. तूर्त कार्डं लिहिणं थांबवलंय. काही विशेष नाही, पेनातली शाई संपली आहे.

लवू

ता. क. शाई संपलेली नाही.

---

१४ सप्टेंबर

ताई,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बस. भावोजींना पण बसव. नाहीतर नको, आधी तू एकटी वाच.

क्लबातून मला एक नाव मिळालं, बाबाजी. चाळीस वर्षं त्यांच्या हत्यारांच्या खोलीची किल्ली याच माणसाकडे. आधी त्याच्या वडलांकडे होती. राहतो कुठे? पेणकरपाड्यात. माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. मी पट्ट्यांसाठी बर्मिंगहॅमला पत्रं लिहितो, आणि हा माणूस पेणकरपाड्यात बिल्डिंगांच्या मधे उरलेल्या एका बैठ्या घरात पडवीत बसून जाळं विणतोय. वय ऐंशी. डोळ्यांना चष्मा नाही.

मी पट्टे पुढ्यात ठेवले आणि आरीचा, बाप-लेकांचा सिद्धांत समजावून सांगायला लागलो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग ७१ चा पट्टा उचलला, ठशावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, ‘‘सायेब, ता साल न्हाय. खुंटीचा लंबर हाय.’’

त्याने सांगितलं ते असं. खाडीकाठची हवा. पावसाळ्यात पट्टा रायफलीवरच ठेवला तर चामडं घाम धरतं, पितळ हिरवं पडतं आणि त्याच्याखालचं लोखंड गंजतं. म्हणून मृग लागला की सगळे पट्टे काढायचे आणि भिंतीवरच्या फळीला ऐंशी खुंट्या, त्यांवर टांगायचे. दसऱ्याला परत चढवायचे. कुठला पट्टा कुठल्या रायफलीचा हे विसरू नये म्हणून आतून खुंटीचा नंबर. सगळे एकदमच एका माणसाकडून शिवून घेतलेले, दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच.

आणि तेल? मी विचारायच्या आधीच त्याने पट्टा नाकाला लावला आणि हसला. ‘‘मुशीचा तेल. होरीला लावतो त्याच. बाबा बोलायचा, ज्या तेलान होरी कुजत न्हाय, त्यान चामडा कसा कुजल?’’ होरी म्हणजे होडी, आणि मुशी म्हणजे छोटा शार्क, ताई. त्याच्या काळजाचं तेल. सत्तर वर्षांनी वास टिकून आहे. मी भर हॉलमध्ये ज्या वासाला नाक मुरडलं, ती त्या पट्ट्याची जन्मकुंडली होती.

मग मी बावन्नबद्दल विचारलं. तो म्हणाला, चला. आम्ही क्लबवर गेलो. फळी अजून आहे, वर रंगाचे चार थर. आकडे वाचता येतात. बहुतेक नंबरांना लाकडी खुंटी आहे. सात ठिकाणी खुंटी कापून पितळी टोपीचा खिळा ठोकलेला आहे. बाबाजी म्हणाला, सोन्याचं पदक आणणाऱ्याला त्याचा पट्टा घरी न्यायला मिळायचा, आणि मग त्या खुंटीवर दुसरा पट्टा टांगायचा नाही.

बावन्नला खिळा आहे.

मी चुकलो, ताई. पट्टा तात्यांचाच. तोच, १९४९ चाच.

आणि आता असं एक सांगतो जे स्वातीलाही सांगितलं नाही. लष्करी पट्ट्यावर सालाच्या वर कारखान्याचा शिक्का असतो. असतोच. तात्यांच्या पट्ट्यावर तो नव्हता, नुसता आकडा होता. हे मला त्या दिवशी दिसलं होतं. भिंग हातात होतं, आकड्याच्या वर कोरं चामडं होतं, आणि मनात आलं होतं की हे साल नसेलही. पण साठ-सत्तर माणसं गप्प होऊन माझ्याकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा. कारखान्यात मी बोलतो तेव्हा मशीन चालू असतं. मला थांबवेना.

तेव्हा तीनपैकी दोन मुद्दे मी लेखी मागे घेतो. तिसरा मात्र कायम. ती भोकं खिळ्यानेच पाडलेली आहेत आणि वाकडी आहेत. पुढे कुणीतरी केलेला उपद्व्याप असणार. त्याबद्दल तात्यांना दोष नाही, असं कार्डावर लिहीन.

आता तरी ओवाळशील?

तुझा लवू

---

३ ऑक्टोबर

ताई,

काल दसऱ्याला रुचिता येऊन गेली. तू पाठवलंस की तिची ती आली, ते तिने सांगितलं नाही. तुझी लेक आहे. रो-रो फेरीबोटीने आली, स्कूटर घेऊन. स्वातीने तिला दोनदा जेवायला घातलं. मग तिने सॅकमधून टॉवेलात गुंडाळलेला पट्टा काढून माझ्या टेबलावर ठेवला. फ्रेम नव्हती.

मी विचारलं, पत्रं वाचली का घरी? म्हणाली, आईने वाचली, बाबांना वाचून दाखवली. तारखेचं ऐकून बाबा काय म्हणाले? तर म्हणे पेपर वाचत होते. मला जरा लागलं. मी एवढं पेणकरपाड्यापर्यंत जाऊन साल दुरुस्त केलं आणि माणूस पेपर वाचतो.

रुचिता चप्पल घालता घालता म्हणाली, ‘‘मामा, तुला खरंच वाटतं बाबा तारखेवरून रुसलेत?’’

मी म्हटलं, मग वासावरून?

ती नुसती हसली आणि गेली. ‘‘तू एक्सपर्ट ना,’’ एवढं जिन्यातून ऐकू आलं.

मी पट्टा घेऊन बसलो. या वेळी माणसं नव्हती. फक्त मी, टेबल लॅम्प आणि कारखान्यातला मापाचा व्हर्नियर.

तात्यांची जोडी लगेच सापडली. वरून तिसरी. लांबट झालेली, फासाचं माप बारा इंच. दंड भक्कम होता त्यांचा. मग शेवटची, माझी बदनाम जोडी. खिळ्याची, वाकडी. गेल्या वेळी मी ती एका नजरेत निकालात काढली होती. आता भिंगाखाली घेतली. ताई, खिळ्याने पाडलेल्या भोकाच्या कडा खरखरीत असतात, चामड्याचे तंतू बाहेर येतात. या कडा काचेसारख्या गुळगुळीत. त्यात हूक एकदा नाही, शेकडो वेळा अडकवलेला आहे. आणि भोकं लांबट पण झालीत, थोडीशीच, म्हणजे ओढणारा हात हलका.

त्या जोडीत हूक अडकवला आणि फासाचं माप घेतलं. साडेसात इंच.

माझ्या मनगटावर जेमतेम चढला. मी फासात बघत बसलो. साडेसात इंचाचा दंड कुठल्या नेमबाजाचा? कुठल्याच नाही. तो सात-आठ वर्षांच्या पोराचा दंड आहे.

तात्यांना मूल एकच.

मग मला साठीचा तो दिवस परत दिसला, आणि या वेळी क्रमाने. साल खोटं म्हणालो तेव्हा भावोजी हसत होते. ‘‘बघा, आमचा साला वकील व्हायला हवा होता,’’ असं कुणाला तरी म्हणालेसुद्धा. मासळीचा वास म्हणालो तेव्हाही हसत होते. ‘कुणा अडाण्याने वाट लावली’ म्हणालो तेव्हा ते पाणी आणायला आत गेले.

पट्टा पदकासाठी फ्रेम केला नव्हता ना त्यांनी? पदक तर कपाटात असतं, मी कधी भिंतीवर पाहिलेलं नाही.

तिसरा मुद्दा मी मागे घेत नाही, ताई, कारण मागे घेऊन पुरणार नाही. ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोर सांगायला हवं. एवढी माणसं पुन्हा कधी जमतील ते कळव. पट्टा घेऊन येईन. तोपर्यंत मी तो टेबलावर ठेवलेला नाही. आमच्या बेडरूमच्या भिंतीला एक खुंटी ठोकून तिच्यावर टांगलाय. स्वाती म्हणाली, भिंत नुकती रंगवली होती. पण हातोडी तिनेच आणून दिली.

लवू

---

२५ ऑक्टोबर

ताई,

परवाच भेटलो आणि आज पत्र, म्हणून हसू नकोस. सोबत कार्डाची झेरॉक्स आहे, ती भावोजींना द्यायची आहे. आणि चार पत्रं उत्तराशिवाय गेली. पाचवं निदान ओवाळून घेतलेल्या माणसाचं असावं.

तुझा निरोप रुचिताकडून आला तेव्हा मी कारखान्यात होतो. ‘भाऊबीजेला सगळे येणार आहेत. त्यालाही यायचं तर येऊ दे.’ हे ‘यायचं तर’ मी दिवसभर तपासत होतो, कुठल्या बाजूने ढिलं आहे ते. मग तपासणं सोडून मिठाई घेतली.

रो-रोवर स्वाती म्हणाली, भाषण पाठ केलंय का? केलं होतं. चार मुद्दे होते. तुमच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं, तीच सगळी माणसं सोफ्यावर, त्याच चेहऱ्यांनी, आणि भावोजी कोपऱ्यातल्या खुर्चीत. मला चारपैकी एकही आठवेना. मी पट्टा पिशवीतून काढला, सरळ त्यांच्याकडे गेलो आणि शेवटच्या जोडीवर बोट ठेवलं. एवढंच विचारलं, ‘‘ही तुमची ना?’’

तू स्वयंपाकघराच्या दारात होतीस, म्हणून त्यांचा चेहरा तुला दिसला नसेल. मला दिसला. त्यांनी पट्टा हातात घेतला, बराच वेळ तो नुसता सरळ करत राहिले. मग बोलले, आणि मी ते शब्दाला शब्द लिहून ठेवतोय:

‘‘अंगणात छत्री घेऊन पालथा पडायचो मी. छत्रीची रायफल. पट्टा दंडावरून सारखा घसरायचा, म्हणून रडलो. तर तात्यांनी उखळावर ठेवून भोकं पाडली. सोन्याच्या पदकाचा पट्टा, लवू. खिळ्याने.’’

माझ्या तोंडून आपोआप गेलं की भावोजी, त्या दिवशी मी अडाणी म्हणालो, ते...

तर म्हणाले, ‘‘ते बरोबरच होतं. नेम धरावा तर तात्यांनीच, पण खिळा एक सरळ मारला नाही जन्मात. आमच्या घरात एक फोटो सरळ नव्हता.’’

मग हसले. आधी ते, मग सगळे. आणि ताई, तू दारातून ओरडलीस की ताट निवतंय, पाटावर बसणार आहेस की आता पाट पण मोजणार आहेस. तुझा तो आवाज मी पावणेतीन वर्षांनी ऐकला. पाट मोजला नाही. मात्र त्याचा डावा पाय किंचित बुटका आहे, त्याचं नंतर बघू.

ओवाळून झाल्यावर भावोजींनी सूड घेतला, तो रास्त होता. पट्टा माझ्या नाकाशी धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘हां एक्सपर्ट, वास कसला?’’ मी खणखणीत सांगितलं, ‘‘मुशीच्या तेलाचा. अस्सल.’’ तुमच्या शेजारच्या मावशींनी तो हातात घेऊन हुंगला आणि म्हणाल्या, भाजीत घालता येईल.

आता कार्डाचं. प्रदर्शनात पट्टा ठेवायला भावोजींनी परवानगी दिली, एका महिन्यापुरती. मी बजावलंय, बावन्नच्या खिळ्यावर टांगायचा नाही, शेजारी काचेत ठेवायचा. बाबाजीचा नियम मोडायचा नाही. बाबाजी उद्घाटनाला येणार आहे. तात्यांच्या मुलाला बघायचंय म्हणाला.

कार्ड मी तुमच्याकडेच, जेवणानंतर लिहिलं:

‘लष्करी रायफलचा नेमबाजीचा पट्टा. चामडे, पितळी हूक. इंचाला आठ टाके. खुंटी क्रमांक ५२. कै. काशीनाथ यांनी १९४९ साली सुवर्णपदक जिंकले तेव्हाचा. वरून तिसरी जोडी त्यांची, दंड बारा इंच. शेवटची जोडी त्यांनीच खिळ्याने पाडलेली, मुलासाठी. दंड साडेसात इंच, वय आठ.’

शाई वाळायच्या आत भावोजींनी माझ्या हातातून पेन घेतलं, ‘आठ’वर आडवी रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘साडेआठ’.

कार्डावर खाडाखोड झाली. दुसरं कोरं कार्ड माझ्या खिशात होतं, एक नाही, सहा होती. तू बघत होतीस, मला माहितीये. मी पेनाचं टोपण लावलं.

काचेत तेच कार्ड जाईल.

लवू